ग्रँड टीटनमधली कॅम्पग्राउंड भरली, आता तंबू कुठे लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा: शिकागोहून चौघांचं कुटुंब, मुलं 6 आणि 10 वर्षांची, सोबत पुण्याहून आलेले आईबाबा. आईंना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात स्वतःच्या मिनिव्हॅनने वायोमिंगमधल्या ग्रँड टीटन नॅशनल पार्कला निघालेत. पार्कमधली कॅम्पग्राउंड सगळी भरलेली, शेजारच्या जॅक्सन गावातल्या हॉटेलांचे दर ऐकूनच धडकी भरते. कुणीतरी सांगितलं की पार्कबाहेरच्या जंगलात फुकट तंबू लावता येतो. हे खरं आहे का, कायदेशीर आहे का, आणि नेमकं कुठे?

खरं आहे आणि पूर्ण कायदेशीर आहे. मी सॉल्ट लेक सिटीत राहते, तिथून जॅक्सन साधारण पाच तासांवर. गेली 14 वर्षं उन्हाळ्यात एक-दोन फेऱ्या होतातच, आधी आम्ही दोघं, मग मुलीला घेऊन, आणि दोनदा सासूसासऱ्यांना घेऊन. त्यामुळे तुमच्या प्रश्नातल्या आईबाबांचा उल्लेख मी सगळ्यात आधी वाचला. त्यांच्याबद्दल शेवटी लिहिते.

'जागा' शोधायला लागण्याआधी जमीन कुणाची आहे ते समजून घ्या. बहुतेक लोक नकाशावर हिरवा रंग दिसला की सगळं पार्कच समजतात आणि तिथेच फसतात. पार्क सांभाळते नॅशनल पार्क सर्व्हिस. तिच्या हद्दीत ठरवून दिलेल्या कॅम्पग्राउंडमध्ये, नाहीतर परवाना काढून आतल्या पायवाटांवर, एवढ्याच ठिकाणी रात्र काढता येते. रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये गाडी लावून आत झोपणंही चालत नाही, रात्री रेंजर येऊन उठवतो. पण पार्कच्या पूर्वेला आणि दक्षिणेला ब्रिजर-टीटन नॅशनल फॉरेस्ट आहे आणि डोंगररांग ओलांडून पश्चिमेला गेलं की कॅरिबू-टार्गी नॅशनल फॉरेस्ट. ही जंगलं फॉरेस्ट सर्व्हिसकडे आहेत, आणि ते खातं अमेरिकेच्या शेतीखात्यात मोडतं. लाकूडतोड, गुरांची चराई, शिकार आणि लोकांचं फिरणं, सगळं तिथे चालतं. या जमिनीवर, नियम पाळून, कसल्याही सोयीविना मुक्काम करणं म्हणजेच डिस्पर्स्ड कॅम्पिंग. नळ नाही, संडास नाही, कचरापेटी नाही, बुकिंग नाही, पैसेही नाहीत. एकट्या ब्रिजर-टीटनचा पसारा सुमारे 34 लाख एकर आहे.

आपल्याकडे पवनेच्या काठावर तंबू लावतो तेव्हा ती जमीन कुणा गावकऱ्याची असते, आणि वनखात्याच्या जमिनीवर परवानगीवाचून रात्र काढली तर कारवाई होते. म्हणून 'सरकारी जंगल, फुकट आणि कायदेशीर' हे तुमच्या बाबांना पटायला वेळ लागेल. माझ्या सासऱ्यांनी पहिल्या रात्री तीनदा विचारलं होतं, "नक्की कुणी येऊन उठवणार नाही ना?"

जॅक्सनच्या आसपास आणखी दोन मालक आहेत. गावाला लागूनच नॅशनल एल्क रेफ्यूज आहे, हिवाळ्यात एल्कचे, म्हणजे मोठ्या हरणांचे, कळप तिथे उतरतात. ते वन्यजीव खात्याचं आहे आणि तिथे मुक्काम करता येत नाही. शिवाय रँचवाल्यांच्या खाजगी जमिनी आहेतच. हद्दी एकमेकींत घुसलेल्या आहेत. मॉर्मन रोची ती प्रसिद्ध लाकडी कोठारं पार्कमध्ये येतात, तिथून पूर्वेला गेलात की शॅडो माउंटनच्या पायथ्याशी पार्क संपतो आणि फॉरेस्ट सुरू होतं. मध्ये कुंपण नाही, फक्त एक पाटी. पाटीच्या अलीकडे तंबू लावलात तर दंड, पलीकडे लावलात तर तुमचा हक्क.

ही हद्द ओळखण्यासाठी 'मोटार व्हेइकल यूज मॅप' नावाचा फॉरेस्ट सर्व्हिसचा नकाशा वापरा. काळापांढरा, अगदी रुक्ष दिसणारा, पण त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. फुकट मिळतो. ॲव्हेंझा ॲपमध्ये उतरवून घेतला की फोनला रेंज नसतानाही तुम्ही कुठे आहात ते त्यावर दिसतं. कोणता जंगलरस्ता गाड्यांना खुला आहे आणि कोणत्या महिन्यांत, ते त्यावर असतं. काही रस्त्यांच्या कडेने बारीक ठिपक्यांची रांग असते. तिचा अर्थ, इथे गाडी रस्त्यावरून थोडी आत घेऊन मुक्काम करायला परवानगी आहे. आयओव्हरलँडर, डर्टसारखी ॲप्सही मी बघते, पण रस्त्याची अवस्था कळावी म्हणून, तीही गेल्या दोन-तीन आठवड्यांतल्या नोंदींपुरतीच. तिथल्या जुन्या नोंदींवर विसंबून लोक अशा जागी जातात जी दोन वर्षांपूर्वीच दगड लावून बंद केलेली असते. आणि निघायच्या आदल्या दिवशी जॅक्सनच्या रेंजर ऑफिसला फोन करा. रस्ते उघडलेत का, आगीवर बंदी आहे का, कुठली जागा बंद आहे का, एवढे तीन प्रश्न पुरतात. फोनवरची माणसं मनापासून मदत करतात, असा माझा आजवरचा अनुभव आहे.

आता ठिकाणं. शॅडो माउंटनचं नाव तुम्ही ऐकलंच असेल, कारण तंबूतून समोर अख्खी टीटन रांग दिसणारे सगळे फोटो तिथलेच. या रांगेला पूर्वेकडून पायथ्याच्या टेकड्या नाहीत. सपाट माळ संपतो आणि तिथूनच थेट 13 हजार 775 फुटांपर्यंतचा कडा उभा राहतो. शॅडो माउंटन त्याच्या बरोब्बर समोर. इथे मुक्कामाच्या जागा ठरवून, क्रमांक लावून दिलेल्या आहेत, त्यांच्याबाहेर तंबू लावायचा नाही. 1 मे ते लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, या काळात जास्तीत जास्त पाच दिवस राहता येतं. रस्ता खडबडीत आहे, चढाला पावसाने पाडलेले चर आहेत. तुमच्या मिनिव्हॅनला खालच्या टप्प्यातल्या जागाच झेपतील. ट्रेलरवाल्यांनी वर जाऊच नये, वळायला जागा मिळत नाही.

तुम्हाला मी त्याऐवजी टॉपिंग्ज लेक रोड सुचवेन. हाही पार्कच्या पूर्वेलाच, मोरनकडे जाणाऱ्या महामार्गावरून आत वळतो. लोक याला अपर टीटन व्ह्यू म्हणतात. खालच्या भागात मोठं मोकळं मैदान आहे, गाड्या आणि आरव्ही, म्हणजे आत राहता येणारी मोठी वाहनं, एकमेकांच्या नजरेत उभ्या असतात, त्यामुळे शॅडो माउंटनचा एकांत नाही. पण आजीआजोबा आणि मुलं असताना शेजार असलेला बरा. पाच दिवसांची मर्यादा इथेही आहे. हा महामार्ग पार्कमधून जात असला तरी पार्कच्या तिकीटनाक्याच्या बाहेरून जातो, म्हणून रात्री उशिरा येताजाता काही अडचण नाही.

कर्टिस कॅन्यन जॅक्सनला सगळ्यात जवळ. एल्क रेफ्यूजमधून जाणाऱ्या कच्च्या रस्त्याने शेवटी चढ लागतो. तिथे फॉरेस्ट सर्व्हिसचं एक छोटं सशुल्क कॅम्पग्राउंड आहे आणि त्याच्या वर फुकटच्या जागा. रस्त्यावर आडव्या वळ्या पडलेल्या असतात, गाडीतली भांडी खणखणत राहतात. घाई असेल तर जाऊ नका.

माझ्या मनातली जागा मात्र ग्रो व्हाँट नदीची. केली गावावरून आत गेलं की एका वळणावर समोरचा अख्खा डोंगर सोललेला दिसतो. 23 जून 1925 ला तो डोंगर खाली आला आणि त्याने नदीच अडवली. मागे जे तळं साचलं त्याचा बांध 1927 च्या मे महिन्यात फुटला, केली गाव वाहून गेलं, सहा माणसं गेली. त्या तळ्याचा उरलेला भाग म्हणजे आजचं लोअर स्लाइड लेक. त्याच्या काठावर ॲथर्टन क्रीक नावाचं सशुल्क कॅम्पग्राउंड आहे. डांबर संपल्यावर पुढे लाल टेकड्या लागतात आणि गर्दी निम्म्याने कमी होते, कारण इथून टीटन रांग जवळून दिसत नाही. फोटोसाठी येणारे इथे थांबत नाहीत. नदीचा आवाज, सेजची झुडपं, संध्याकाळी लाल होणारा डोंगर. आमची मुलगी चार वर्षांची असताना इथे आम्ही सलग तीन रात्री राहिलो होतो आणि पार्कमध्ये फक्त एकदा गेलो होतो. एकच धोका आहे: पाऊस पडला की या रस्त्याची माती चिकट लोणी होते. आभाळ भरून आलं तर मिनिव्हॅन घेऊन डांबराच्या पुढे जाऊ नका.

पश्चिमेला आयडाहोतल्या ड्रिग्ज गावाच्या बाजूने कॅरिबू-टार्गीची जमीन आहे. गर्दी कमी असते, पण जॅक्सनला येण्यासाठी टीटन पास ओलांडावा लागतो. त्या घाटाला दहा टक्क्यांचा उतार आहे आणि भरलेल्या मिनिव्हॅनचे ब्रेक तापतात. रोज ये-जा करायला तो रस्ता नको.

या सगळ्या ठिकाणांना एक नियम सारखा लागू आहे आणि तो कुठल्याही पाटीवर लिहिलेला नाही: सकाळी पोचा. निघणारे लोक नऊ ते अकराच्या दरम्यान तंबू आवरतात. तेव्हा तुम्ही तिथे असाल तर जागा मिळते. दुपारी दोननंतर जुलैत नशिबावर आहे, संध्याकाळी नाहीच. वारही बघा. गुरुवारपासून लोक वीकेंडसाठी जागा धरायला लागतात, रविवारी सकाळी सगळ्यात जास्त रिकाम्या होतात.

एका वर्षी आम्ही शनिवारी संध्याकाळी सातला शॅडो माउंटनला पोचलो होतो. सॉल्ट लेकहून निघायलाच उशीर झाला होता. एकेक जागा बघत वर गेलो, सगळीकडे तंबू, सगळीकडे शेगड्या पेटलेल्या. वळायला जागा शोधत आणखी वर, तोवर अंधार. खाली येताना आमच्या दिव्यांचा झोत एकेका तंबूवर पडत होता आणि आतली माणसं उठून बघत होती. मुलगी मागे रडायला लागली होती. शेवटी रात्री टीटन पास ओलांडून आयडाहोत गेलो, उतारावर ब्रेकचा जळका वास येत होता, आणि साडेअकराला एका मोटेलात मिळेल ती खोली घेतली. त्या दिवसापासून पहिल्या रात्रीची सोय मी घरून निघण्याआधी पक्की करते.

तुम्ही शिकागोहून येताय, म्हणजे बहुधा पूर्वेकडच्या ड्युबॉइस गावावरून टोगोटी पास हा घाट चढून याल. पहिली रात्र ड्युबॉइसलाच मोटेलात काढा. सगळे शिणलेले असाल, आंघोळ होईल, आईबाबांना पलंग मिळेल. सकाळी सहाला निघालात तर आठ-साडेआठपर्यंत टॉपिंग्ज लेक रोडला पोचता. तो दिवस रविवार किंवा सोमवार येईल असा प्रवास आखा. जागा मिळाली की आधी तंबू उभा करा, मग फिरायला जा. अकरापर्यंत काहीच नाही मिळालं तर शोधत बसू नका, तडक ग्रो व्हाँटच्या बाजूला या.

जागा निवडताना वर बघा. खालची जमीन सगळेच बघतात. इथल्या पाइनच्या झाडांना साल पोखरणाऱ्या भुंग्यांनी ग्रासलंय. लालसर झालेली किंवा पानंच नसलेली उभी झाडं दिसतील. ती कधी पडतील याचा नेम नसतो आणि जुलैत दुपारी वीजवाऱ्यासह वादळं येतात. वठलेल्या झाडाच्या उंचीइतक्या अंतरात तंबू लावू नका. आधीच वापरलेली, उघडी, घट्ट मातीची जागा घ्या. हिरव्या गवतावर नवी जागा तयार करू नका. रस्ता शंकास्पद वाटला तर गाडी थांबवून एकाने पुढे चालत जाऊन बघून यावं.

अस्वलांबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण आपल्या घरांतून यातच चुका होतात. हा ग्रिझलीचा, म्हणजे मोठ्या तपकिरी अस्वलांचा, प्रदेश आहे. ब्रिजर-टीटनमध्ये 1 मार्च ते 1 डिसेंबर या काळात खाणं आणि वासाच्या वस्तू नीट बंद ठेवण्याचा सक्तीचा आदेश आहे. अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात, किंवा काचा वर करून कुलूप लावलेल्या गाडीत, किंवा मग जमिनीपासून 10 फूट उंच आणि खोडापासून 4 फूट दूर टांगून. तुमच्याकडे गाडी आहे, गाडीच वापरा. कुलूप मात्र लावाच, नुसता दरवाजा ओढून घेणं पुरत नाही, इथली अस्वलं हँडल ओढायला शिकलेली आहेत. छतावरची कापडी बॅग यात मोजली जात नाही.

आपल्या सामानात वासाच्या वस्तू किती असतात हे मला सासूबाईंच्या पिशवीवरून कळलं. तांदूळ, डाळ, चिवडा, लाडू सगळं गाडीत ठेवलं होतं. रात्री झोपताना मी सहज विचारलं, उशाशी काय आहे? खोबरेल तेलाची बाटली, बाम, वेलदोडे, आणि सकाळच्या पूजेसाठी उदबत्तीचा पुडा. अस्वलाच्या नाकाला हे सगळं जेवणच आहे. टूथपेस्ट, साबण, लिपबाम, मुलांच्या खिशातली चॉकलेटं, बाळाचे वाइप्स, सगळं रात्री गाडीत जातं. फोडणी तंबूपासून दूर द्या, शंभर पावलं तरी. लसूण-हिंगाची फोडणी जॅकेटवर उडाली असेल तर ते जॅकेटही घालून झोपू नका. भांडी विसळलेलं पाणी गाळून घ्यायचं, गाळलेला भात कचऱ्याच्या पिशवीत, पाणी तंबूपासून लांब पांगवून टाकायचं. खरकटं झाडाखाली टाकलं तर 'पक्षी खातील' हे इथे चालत नाही. माणसाच्या अन्नाची चव लागलेलं अस्वल पुन्हा पुन्हा माणसांकडे येतं, आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागते.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, दोन घ्या, जॅक्सनला पोचल्यावर नाही, त्याआधीच. गाडीने येताय म्हणून हे जमतं. विमानाने येणाऱ्यांना तो ना हातातल्या बॅगेत नेता येत, ना चेक-इन सामानात. कॅम्पिंगच्या गॅसच्या छोट्या कॅनचंही तेच. स्प्रे कमरेला लावायचा, बॅगेत ठेवायचा नाही. सुरक्षेची पिन कशी निघते ते मोठ्या चौघांनी दिवसाउजेडी एकदा बघून ठेवा, मुलांच्या हाती देऊ नका. अस्वल आणि लांडग्यांपासून 100 यार्ड, बाकी प्राण्यांपासून 25 यार्ड, हा पार्कचा नियम जंगलातही पाळा. लोक अस्वलाला घाबरतात आणि मूसच्या, म्हणजे घोड्याएवढ्या हरणाच्या, जवळ जातात. पिल्लू सोबत असलेली मूस मादी काही कमी धोकादायक नाही.

शौचाचा विषय लोक टाळतात आणि म्हणूनच या जागा बंद होतात. दोन रात्री, सहा माणसं. एका जागेभोवती तुम्ही बारा-पंधरा खड्डे करणार, आणि तुमच्यानंतर येणारे तेवढेच करणार. नियमाप्रमाणे पाणी, वाट आणि तंबूपासून 200 फूट, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तरेक पावलं, आणि 6 ते 8 इंच खोल खड्डा. कागद पिशवीत परत आणायचा. पाणी वापरणाऱ्यांनी तेही त्याच खड्ड्यावर, ओढ्याकाठी नाही. पण माझा आग्रह वेगळा आहे: झाकणाची बादली, तिच्यावर बसणारी सीट आणि आत घालायच्या जेल-पावडरच्या पिशव्या घेऊन या. छोटा उभा तंबू लावला की आडोसा होतो. तुमच्या आईंना उकिडवं बसायला लागणार नाही, रात्री टॉर्च घेऊन झुडपांत जावं लागणार नाही. बंद केलेली पिशवी गावातल्या कचऱ्यात टाकता येते.

पाणी सोबत न्या. माणशी दिवसाला एक गॅलन धरा, दोन दिवसांचे बारा गॅलन. सात गॅलनचे दोन कॅन जॅक्सनमध्ये भरून घ्या. आंघोळ हवी असेल तर पार्कमध्येच कोल्टर बेला पैसे देऊन शॉवर आणि कपडे धुण्याची सोय आहे.

आता आग. माझं सरळ मत आहे की जुलैत शेकोटी पेटवूच नका. मुलांना मार्शमेलो भाजायचे असतात हे मला माहीत आहे, आमच्याही मुलीला असतात, ते आम्ही सशुल्क कॅम्पग्राउंडच्या लोखंडी कड्यात भाजतो. 2018 च्या सप्टेंबरमध्ये जॅक्सनच्या दक्षिणेला बॉन्ड्युरंटजवळ रूझवेल्ट नावाचा वणवा पेटला होता, माणसाच्या हातून लागलेला. 60 हजारांहून जास्त एकर जळाले, पन्नासहून अधिक घरं गेली.

चार वर्षांपूर्वी ग्रो व्हाँटला आम्ही सकाळी दहाला एका रिकाम्या जागेवर पोचलो. दगडांच्या कड्यात राखाडी राख होती, वर सोललेल्या अंड्याची टरफलं, बाजूला कुणीतरी अर्धी बाटली पाणी ओतल्याची खूण. दिसायला थंडगार. मी सवयीने हाताची उलटी बाजू राखेवर धरली. वरून काही जाणवलं नाही. फावड्याने चार बोटं उकरलं तर आतून ऊब आली, आणि आणखी खाली एक ओंडका लालभडक होता, त्याची एक मुळी जमिनीत शिरून धुमसत होती. कड्याच्या बाहेर फूटभर अंतरावर जमिनीतून धूर येत होता. आम्ही दोघांनी मिळून पाच गॅलन पाणी ओतलं, ढवळलं, परत ओतलं. उघड्या हाताने चाचपून थंड लागेपर्यंत पाऊण तास गेला. आमचं पिण्याचं पाणी संपलं आणि नवरा ते भरायला परत केलीपर्यंत गेला. तिथे राहून गेलेली माणसं वाईट असतील असं मला वाटत नाही. त्यांना वाटलं असेल विझली. म्हणून स्वयंपाकाला गॅसची शेगडी, आणि बंदीच्या काळात तीही बंद करायची खिटी असलेलीच. बंदीचे टप्पे बदलतात, ते फोनवर विचारा.

आता आईबाबा. जॅक्सन गाव 6 हजार 200 फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून उंच. टॉपिंग्ज लेक आणि शॅडो माउंटन त्याहून वर, आठ हजारांच्या आसपास जाऊ शकता. पहिल्या दिवशी धाप लागते, डोकं जड होतं, झोप लागत नाही. ड्युबॉइसची रात्र त्यासाठीही हवी, ते गावही सात हजार फुटांच्या जवळपास आहे. पाणी जास्त प्यायला लावा, पहिल्या दिवशी चढाची वाट नको. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. आईंचं इन्सुलिन रात्री गाडीत ठेवू नका. जुलैतसुद्धा पहाटे पारा शून्य सेल्सियसजवळ जातो, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन परत वापरता येत नाही. पाकिटात गुंडाळून स्लीपिंग बॅगेत, अंगाजवळ ठेवा. दुपारी उलट, तापलेल्या गाडीत नको.

त्यांच्यासाठी उंच कॅम्पिंग कॉट घ्या, जमिनीवरून उठणं त्यांच्या गुडघ्यांना जमणार नाही. थंडीसाठी शून्य सेल्सियसच्या खालचं मानांकन असलेली स्लीपिंग बॅग आणि कानटोपी. कुकर आणायला विसरू नका. आठ हजार फुटांवर पाणी साधारण 92 अंशांनाच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर शिजवली तरी बोटचेपी होत नाही. पहिल्या रात्री मेतकूट-भात किंवा उपमा, डाळ दुसऱ्या दिवशी.

फोनला रेंज क्वचित लागते. सॅटेलाइट मेसेंजर असेल तर आणा, नवे आयफोन आणीबाणीचा संदेश उपग्रहावरून पाठवू शकतात, तो कसा पाठवायचा ते घरीच करून बघा.

आणि सगळ्या रात्री फुकट राहण्याचा हट्ट धरू नका. पाच रात्री असतील तर एक ड्युबॉइस, दोन टॉपिंग्ज लेक रोड, आणि शेवटच्या दोन ॲथर्टन क्रीकला पैसे भरून. मागे संडास आहे, टेबल आहे, समोर तळं आहे. पार्कमधल्या कॅम्पग्राउंडची बुकिंगही रोज सकाळी एकदा बघत राहा, जुलैत सुद्धा कुणी ना कुणी रद्द करतं. मिळाली तर ती आईबाबांसाठी घ्या.

टॉपिंग्जच्या मैदानावर पहिल्या सकाळी सगळ्यांना सव्वापाचला उठवा. खुर्च्या पश्चिमेकडे तोंड करून रात्रीच मांडून ठेवा, पांघरुणं त्यांच्यावर. सूर्य मागून येतो, पण उजेड आधी ग्रँड टीटनच्या टोकावर पडतो, गुलाबी, आणि कड्यावरून खाली उतरत जातो. माळ अजून निळा-काळोखाच असतो. दहा मिनिटांत संपतं. चहा करायला तेव्हा कुणी उठणार नाही, म्हणून तो रात्रीच थर्मासमध्ये भरा, आणि थर्मास गाडीत, कुलपात ठेवा.